सव्वीस लिटरची पाटी

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या गृहस्थाचं तोंड जन्मात कधी पोळलं नव्हतं, तरी तो फुंकायचा. दुकानातून साखर आणली की आधी चिमूटभर जिभेवर ठेवायचा. न जाणो, मीठ बांधून दिलं असेल. कुलूप लावून फाटकापर्यंत गेला की परत येऊन ते ओढून बघायचा. एकदा दवाखान्यातल्या काट्यावर उभा राहिला, आकडा पटला नाही, म्हणून तडक गुरांच्या खाद्याच्या दुकानात जाऊन पोत्यांच्या काट्यावर उभा राहिला. तिथे दोन किलो जास्त भरला. तेव्हा कुठे दवाखान्याचा काटा बरोबर असल्याचं त्याने मान्य केलं.

लोक त्याला पारखी म्हणत. त्यात निम्मी थट्टा होती आणि निम्मा मान. कारण गाईंच्या बाबतीत त्याची नजर खरोखरच पक्की होती. पाठ करून उभा असला तरी मागून कोणती गाय चालली ते पावलांवरून सांगायचा. खाद्याची मूठ नाकाशी नेली की पोतं किती दिवसांचं ते ओळखायचा. पत्र्याच्या दोन लांब गोठ्यांत त्याच्या चोपन्न गाई होत्या आणि चोपन्नही कशा, तर धुऊन पुसून ठेवलेल्या.

त्याच्या फाटकावर एक पाटी होती. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, दर दोन वर्षांनी स्वतः रंगवलेली: ‘या गोठ्यातील सरासरी, भाकड जनावरे धरून, दर गाईमागे रोज सव्वीस लिटर.’ बाकीचे लोक फक्त दुभत्या गाईंची सरासरी सांगतात आणि छाती फुगवतात. पारखीला तो लबाडपणा वाटे. भाकड गाय काय हवा खाऊन जगते? तीही धरायची आणि मग आकडा सांगायचा. ‘भाकड जनावरे धरून’ हे तीन शब्द त्याने इतरांपेक्षा मोठे काढले होते.

अशा माणसाच्या दारात नवा नियम येऊन उभा राहिला.

नियम असा, की गाईंच्या ढेकरांतून आणि शेणाच्या टाक्यांतून जो वायू निघतो त्याने हवा तापते; तेव्हा गाई कमी करा. ज्याच्याकडे चाळीस किंवा त्याहून कमी, त्याला सूट. ज्याच्याकडे जास्त, त्याने दोन वर्षांत चौथा हिस्सा काढून टाकायचा. पहिल्यांदा सगळे हसले. गाईने आता ढेकर देण्याआधी अर्ज करायचा का, असं दुधाच्या टँकरवाल्याने विचारलं आणि तो विनोद आठवडाभर चालला. मग मोजणीच्या तारखा आल्या आणि हसणं थांबलं.

ट्रॅक्टर रस्त्यावर आले. नियम राबवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या चारही बाजूंनी त्यांची रांग लागली, पायऱ्यांवर शेणाची अख्खी टाकी रिकामी झाली, आणि ‘आमच्या गाई मोजता, तुमच्या गाड्या कोण मोजणार?’ असे फलक लागले. पारखीचा ट्रॅक्टर पहिल्या रांगेत होता. पण बसल्या जागेवरून तो कार्यालयाकडे कमी आणि शेजारच्या ट्रॅक्टरकडे जास्त बघत होता. हा इतका ओरडतोय, तो का? तो इतका गप्प आहे, तो का?

खरं सांगायचं तर त्या दिवसांत सगळेच तसे झाले होते. संघटनेची बैठक ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये भरे. आत शिरताना प्रत्येकाने आपला फोन दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये टाकायचा आणि वर झाकण लावायचं, कोणी चोरून ऐकू नये म्हणून. बैठक चालू असताना कॅनमध्ये घंटा वाजली की पंचवीस माणसं एकमेकांकडे बघत.

अशाच एका बैठकीत ठरलं, की जादा जनावरं लपवायची. गावाबाहेर बंद पडलेली वीटभट्टी होती, तिच्या शेड मोठ्या आणि रस्त्यावरून न दिसणाऱ्या. मोजणीच्या आधी पारखीने चौदा गाई तिकडे हलवल्या. उरल्या बरोबर चाळीस. रोज पहाटे तो तिकडे जाऊन दूध काढायचा, कॅन गाडीत टाकून घरी आणायचा आणि घरच्या थंड टाकीत ओतायचा. सात वाजता टँकर येऊन सगळं घेऊन जाई.

“गाई तिकडे आणि दूध इकडे?” बायकोने एकदा विचारलं.

“मग काय नाल्यात ओतू?” तो उखडला. “तू फक्त गप्प राहा. भिंतींना कान असतात.”

“भिंतींना असतील. तुम्हाला कुठे आहेत?” असं म्हणून ती भांडी धुवायला निघून गेली.

कार्यालयाच्या मोजणीबाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. चाळीस गाई मोजल्या, कुठेही उणादुणा शब्द बोलल्या नाहीत, फाटकातून बाहेर पडताना क्षणभर थांबल्या आणि गेल्या. पारखी त्यांच्या गाडीचा धुरळा खाली बसेपर्यंत बघत राहिला. इतकं सोपं कसं झालं, याचाच त्याला संशय आला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ‘आपल्या गोठ्यात अंदाजे चोपन्न जनावरे असल्याचे दिसून येते. फेरतपासणी होईल.’ पारखीने पत्र चार वेळा वाचलं, उजेडाला धरलं, उलटं करून शिक्का तपासला. चोपन्न! पन्नास नाही, साठ नाही, चोपन्न. कोणीतरी फुटलं होतं.

पत्रं सगळ्यांनाच आली होती. पण कोणी कोणाला दाखवलं नाही. आपली खरी संख्या शेजाऱ्याला कळली तर? प्रत्येकाने आपापलं पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि ‘कोणीतरी सांगितलंय’ एवढंच म्हणत राहिला. ती पत्रं एका टेबलावर ठेवली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. असो.

त्याच्या गाई नेमक्या चोपन्न आहेत हे बाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो म्हणजे खूरवाला. गाईंचे खूर वाढले की त्या लंगडतात. ते तासणारा माणूस लागतो. हा वर्षातून दोनदा प्रत्येक गोठ्यात यायचा, लोखंडी खोडा मांडायचा, एकेक गाय त्यात उभी करून तिचा पाय मांडीवर घ्यायचा. वीटभट्टीतल्या गाईंचेही खूर त्यानेच केले होते. शिवाय तो पारखीचा साडू होता. दोन बहिणी दोघांच्या घरात. लहानपणापासून एकत्र वाढलेले, एकाच महिन्यात लग्न झालेले, आणि बावीस वर्षं रविवारची दुपार एकमेकांकडे घालवलेले. खूरवाला मुळात कमी बोलायचा. पारखीला एरवी त्याचं हेच आवडायचं. आता तेच खुपायला लागलं.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. खूरवाल्याकडे एक लहान वही असते, दर गाईनंतर तो तीत काहीतरी लिहितो. काय लिहितो? मागच्या मंगळवारी त्याची गाडी कार्यालयाच्या गल्लीत उभी होती. पारखीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. त्याच गल्लीत सुऱ्यांना धार लावणाऱ्याचं दुकान आहे आणि खूरवाला दर मंगळवारी तिथे जातो, हे लहान पोरालाही माहीत होतं. पण कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं.

“भाऊजी असं करतील?” बायको म्हणाली. “डोकं ठिकाणावर आहे ना?”

“कुंपणच शेत खातं,” तो म्हणाला. “बाहेरच्याला काय माहीत असतं?”

पुढच्या बैठकीत तो उभा राहिला. नाव घ्यायचं नाही, असं घरून ठरवून आला होता. पण सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळल्या की माणसाला चार शब्द जास्तच सुचतात.

“चोपन्न,” तो म्हणाला. “पत्रात लिहिलंय, चोपन्न. आकडा आभाळातून पडत नाही. आपल्या सगळ्यांच्या गाईंचे पाय ज्याच्या हातात आहेत, त्याला विचारा. वहीत काय लिहितो ते विचारा. मंगळवारी कार्यालयाच्या गल्लीत काय करत होता ते विचारा.”

‘अंदाजे’ हा शब्द त्याने गाळला. मुद्दाम नव्हे. चार वेळा वाचूनही तो त्याला दिसलाच नव्हता.

संघटनेचा अध्यक्ष खुर्चीत निवांत मागे रेलला. आठ दिवस लोक त्याच्याकडेच संशयाने बघत होते, सुंठीवाचून त्याचा खोकला गेला होता. मागच्या बाकावरून खूरवाला उठला. बैठक संपल्यावर काही सांगायचं असल्यासारखी वही त्याच्या हातातच होती. ती त्याने खिशात घातली. कॅनचं झाकण काढून आपला फोन शोधला. पंचवीस फोनांत तो शोधायला वेळ लागला आणि सगळे त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

“बावीस वर्षं, साडू,” तो दारातून म्हणाला. “बरं आहे.”

उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि एका माणसाचा धंदा बसला. दुसऱ्या दिवसापासून कोणी खूरवाल्याला बोलावेना. कोणी लांबून माणूस आणला, कोणी स्वतःच सुरी हातात घेतली. रविवारच्या दुपारी बंद झाल्या. पारखीची बायको धाकट्या बहिणीला फोन करायची. तिकडून “ताई, नंतर बोलू” एवढंच यायचं. पुढे फोन उचललाच जाईना. बायको पारखीवर ओरडली नाही. चहाचा कप मात्र त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवू लागली. पहिल्या दिवशी त्याच्या लक्षात आलं नाही, दुसऱ्या दिवशी आलं, आणि त्यानंतर तो रोज त्या कपाकडे बघू लागला.

अशात काळतोंडी लंगडायला लागली. ती त्याची सगळ्यात लाडकी गाय, डावा मागचा पाय उचलून धरी आणि टेकवताना कण्हायची. पारखीने स्वतः सुरी घेतली. पारख करणं वेगळं आणि तासणं वेगळं. सुरी जरा खोल गेली, रक्त आलं आणि चार दिवसांत पाय सुजला. गुरांचे डॉक्टर आले, औषध देऊन म्हणाले, “आत पू आहे. नीट तासणारा माणूस बोलवा. तुमचे साडूच आहेत की.” पारखी म्हणाला, बघू.

दरम्यान आंदोलनाला एवढं यश आलं, की फेरतपासणी संघटनेच्या माणसांसमोर करायचं कार्यालयाने कबूल केलं. मोजणीबाई पुन्हा आल्या. सोबत अध्यक्ष यायचा होता, तो आयत्या वेळी आलाच नाही. पारखी फाटकातच आडवा उभा राहिला. बायको बादली घेऊन मागे होती.

“मोजा हवं तेवढं,” तो म्हणाला. “आधी सांगा, तुम्हाला सांगितलं कोणी?”

“काय सांगितलं?”

“चोपन्न.”

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की हा थट्टा करतोय की काय. “तुम्हीच की,” त्या म्हणाल्या.

“मी?”

त्यांनी फाटकाकडे बोट केलं. “ही पाटी. आणि डेअरीकडचा तुमच्या टँकरचा रोजचा आकडा. चौदाशे चार लिटर, कधी पाच-दहा कमी-जास्त. चाळीस गाई चौदाशे लिटर देतील का? भागिले सव्वीस केलं, चोपन्न आले. म्हणून अंदाजे लिहिलं.” मग जरा हसून म्हणाल्या, “बाकीच्यांना आम्ही सगळ्या भागाची सरासरी लावली. काहींचे अंदाज पाच-पाच, सात-सात जनावरांनी चुकले. कारण त्यांच्या सांगण्याला काही अर्थ नसतो. तुमचाच बरोबर आला. तुमची पाटी अगदी खरी आहे हो.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! गाई लपवल्या, वाटा लपवल्या, फोन कॅनमध्ये लपवले. पण दूध लपवायचं पंचवीसांपैकी एकालाही सुचलं नाही. सुचणार कसं? पिढ्यानपिढ्या दूध काढणारा माणूस गाय लपवेल, बायकोपासून पैसे लपवेल, पण काढलेलं दूध सांडायचं किंवा न पाठवता नासवायचं हे त्याच्या स्वप्नातही येणार नाही.

पारखी पाटीकडे बघत राहिला. ‘भाकड जनावरे धरून.’ मोठ्या अक्षरांत. त्याला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. पत्र्याचा एवढासा निळा चौकोन, पण त्याच्या मागे त्याला खूरवाल्याची पाठ दिसली, कॅनमध्ये फोन शोधताना वाकलेली.

बायकोने बादली खाली ठेवली. “आता?” एवढंच ती म्हणाली.

त्याच दुपारी तो साडूच्या घरी गेला. मेहुणीने दार उघडलं, त्याला पाहिलं आणि बाजूला झाली नाही. “मागे आहेत,” ती म्हणाली. मागच्या अंगणात खूरवाला लोखंडी खोड्याला वंगण लावत होता. खोड्यावर पुठ्ठा लटकत होता: विकणे आहे.

पारखीने सगळं सांगितलं. पाटी, टँकर, भागाकार.

“झालं?” खूरवाला म्हणाला.

“चुकलं माझं, साडू.”

“इथे कोण आहे ऐकायला? ही बाई आणि हे लोखंड. जिथे बोललास तिथे सांग.”

पारखी गेला. हे त्याच्या खात्यावर लिहायला हवं, कारण चूक सांगायला पंचवीस माणसांसमोर उभं राहणं सोपं नसतं. त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग कोणीतरी म्हणालं, “बायकोने भरीला घातलं असणार. मेहुणीचं घर आहे ते.” दुसरा म्हणाला, “म्हणजे आकडा यानेच दिला तर. आणि आमचा?” अध्यक्ष हळूच म्हणाला, “तुमचा आकडा तेवढा बरोबर आला, हे मोजणीबाईंनी तुम्हालाच बरं सांगितलं.” ‘आकडा आभाळातून पडत नाही’ हे पारखीचंच नाणं आता त्याच्याच हातात आलं. बैठक संपली तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. खूरवाल्यावरचा संशयही पुरता गेला नाही. आता दोघे साडू मिळून फितूर ठरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी ओळखीची गाडी थांबली. खूरवाला उतरला, खोडा ओढत आत आणला. पुठ्ठा काढलेला होता.

“बैठकीत सांगितलं मी,” पारखी म्हणाला. “पण त्यांनी…”

“कळलं मला. गाय कुठे आहे?”

काळतोंडी खोड्यात शिरली तीही निमूट, जुनं माणूस ओळखून. खूरवाल्याने पाय मांडीवर घेतला, अंगठ्याने तळ दाबत गेला आणि एका जागी थांबला. सुरीची दोन-तीन हलकी वळणं, आणि पू वाहून गेला. धुतलं, पट्टी बांधली, पाय खाली सोडला. गाईने तो आधी नुसता टेकवला, मग त्यावर भार दिला. पारखीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलं नाही. बायकोने चहा आणला. खूरवाल्याने तो तिच्या हातातून घेतला आणि उभ्या उभ्या प्यायला.

“भाऊजी, गाडीत जागा आहे?” ती म्हणाली. “धाकटीकडे येते.”

“बस की, ताई.”

निघताना तो पारखीसमोर थांबला. खिशातून वही काढून त्याच्या हातावर ठेवली. “ही बघायची होती ना तुला?”

आता नको म्हणायचं, न उघडता परत द्यायची, हे पारखीला कळत होतं. अगदी पुरतं कळत होतं. पण पन्नास वर्षांची सवय. मन ‘नको’ म्हणायच्या आत बोटांनी वही उघडली होती.

आत कोणाचं नाव नव्हतं, संख्या नव्हती. पानापानावर पेन्सिलीने काढलेले खूर होते, डावे, उजवे, कुठे चीर, कुठे झीज. शेवटच्या भरलेल्या पानावर बैठकीच्या दिवसाची तारीख होती. खाली लिहिलं होतं: ‘काळतोंडी, डावा मागचा. आतून मऊ लागतोय, आठवड्यात बघायला हवा. आज बैठकीनंतर साडूला सांगणे.’

पारखीने मान वर केली. खूरवाला त्याच्या बोटांकडे बघत होता.

“उघडशील हे ठाऊक होतं,” तो म्हणाला. रागाने नव्हे. वही घेऊन त्याने खिशात घातली. “गाईला तीन दिवस ओल्यात उभी करू नकोस. मी गुरुवारी येऊन पट्टी बदलेन.”

“आणि रविवारी?” पारखीने विचारलं.

खूरवाल्याने गाडी सुरू केली. बायको शेजारी बसली होती. गाडी फाटकातून, पाटीखालून बाहेर पडली. पारखीने फाटक लावलं, कडी घातली, चार पावलं आत आला, आणि परत जाऊन कडी ओढून बघितली.